शहरांची नभोवाणी आणि जुनीं गाणीं

मनुष्याच्या ठिकाणीं जुन्याविषयीं जी ओढ असते, ती गाण्याच्या बाबतींत जितकी उत्कट दिसून येते तितकी दुसऱ्या कोणत्याहि बाबतींत क्वचितच दिसते. जुनें घर पाडून नवें बांधतांना किंवा जुनीं भांडीं मोडीस देऊन नवीं घेतांना मनुष्य फारसा कचरत नाहीं. परंतु लहानपणीं ऐकलेलें गाणें अवचित कानीं पडलें, कीं हातांतलें काम क्षणभर थांबतें. अशीं गाणीं घरोघर पोंचविण्याचें काम गेलीं सत्तर-ऐशीं वर्षें मुख्यत्वेंकरून नभोवाणीनें केलें. आतां मुंबई, दिल्ली, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांतील नभोवाणी-केंद्रांवर या जुन्या गाण्यांचें पुढें काय होणार, हा प्रश्न जाणत्या लोकांत वारंवार निघूं लागला आहे. त्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचा आमचा मानस आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशांतील वाचक कदाचित् म्हणेल, कीं शहरांतल्या केंद्रांची चिंता शहरवाल्यांनीं करावी. आम्हांस तिचें काय? ही शंका स्वाभाविक आहे, पण ती टिकणारी नाहीं. आमचे हे दोन जिल्हे १९८२ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २६ तारखेपर्यंत एकच होते. आणि या सबंध प्रदेशांत चित्रपटांचीं व भावगीतांचीं जीं जुनीं गाणीं रुजलीं, तीं बहुतेक नागपूर, मुंबई व त्याहिपलीकडे कोलंबो येथून हवेंतून आलीं. बल्लारपूरच्या कागद-गिरणीच्या वसाहतींत काय, वडशाच्या बाजारांत काय किंवा अहेरीच्या दुकानांत काय, जें गाणें वाजलें त्याची निवड कोणा दूरच्या शहरांतील मनुष्यानें केलेली होती. जेथें निवड होते तेथील धोरण बदललें, कीं त्याचा परिणाम दूरच्या व गरीब श्रोत्यावर अधिक होतो. कारण शहरवाल्यास दुसरीं साधनें असतात, त्यास तीं नसतात. म्हणून हा विषय आमचाहि आहे.

प्रथम ‘जुनें गाणें’ कशास म्हणावें हें पाहूं. हा शब्द वाटतो तितका सरळ नाहीं. आजोबांचें जुनें गाणें निराळें आणि वडिलांचें निराळें. आणि आज शाळेंत असलेल्या मुलाचेंहि एक जुनें गाणें तीस वर्षांनीं होणारच. अमेरिकेंतील होलब्रुक व शिंडलर या दोन संशोधकांनीं १९८९ सालीं असें दाखविलें, कीं मनुष्यास सर्वांत अधिक आवडणारीं गाणीं बहुधा तो चोवीस वर्षांच्या सुमारास असतांना लोकप्रिय झालेलीं असतात. हा नियम ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. जुनें गाणें म्हणजे केवळ विशिष्ट सालचें गाणें नव्हे. तें कोणा एका पिढीचें तारुण्य होय, आणि पिढी पुढें सरकली कीं ‘जुनें’ या शब्दाचा अर्थहि तिच्याबरोबर सरकतो.

आतां थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. आपल्या देशांत गाण्याच्या व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ सालीं कलकत्त्यास आरंभ झाला, आणि १९०८ सालीं तेथेंच तबकड्या तयार करण्याचा कारखाना निघाला. ही तबकडी लाखेची असे. पळस, कुसुम, बोर या झाडांवर राहणारे बारीक किडे जी लाख तयार करतात, तीच शुद्ध करून तबकडीच्या मिश्रणांत घालीत. हे वृक्ष आमच्या रानांत जागोजाग उभे आहेत. तेव्हां ज्या वस्तूवर जुनें गाणें कोरलें गेलें, ती वस्तु अशाच वनांची देणगी होती असें म्हणण्यास हरकत नाहीं. ही तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूस सुमारें तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. जुनीं गाणीं बहुतेक तेवढ्याच लांबीचीं कां, याचें उत्तर कवीच्या किंवा संगीतकाराच्या मनांत नसून या तबकडींत आहे.

मुंबईचें नभोवाणी-केंद्र १९२७ सालच्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस एका खासगी कंपनीनें सुरू केलें. ती कंपनी १९३० सालीं बुडाली. सरकारनें तें काम आपल्याकडे घेतलें, आणि १९३६ सालीं त्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. नागपूरचें केंद्र स्वातंत्र्यानंतर, १९४८ सालच्या जुलै महिन्याच्या १६ तारखेस उघडलें. पुढें १९५२ सालीं श्री. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी-मंत्री झाले. चित्रपटांतील गाणीं लोकांची अभिरुचि बिघडवितात असें त्यांचें मत असल्यामुळें सरकारी केंद्रांवरून तीं जवळजवळ नाहींशीं झालीं. त्यांची जागा शास्त्रीय संगीतानें घ्यावी हा त्यांचा हेतु उदात्त होता. पण श्रोत्यांनीं आपले रेडिओ बंद न करतां त्यांचा कांटा फिरविला व ते सिलोनच्या केंद्राकडे वळले. त्याच साली तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारीं रात्रीं आठ वाजतां श्री. अमीन सयानी यांचा आवाज ऐकण्यासाठीं गांवोगांवचे लोक एकत्र जमूं लागले. त्याच केंद्रावर रोज सकाळीं जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होत असे व त्याचा शेवट श्री. कुंदनलाल सैगल यांच्या गाण्यानें करण्याचा प्रघात होता. सैगल १९४७ सालीं निवर्तले होते. म्हणजे त्या काळींहि ‘जुनें’ गाणें होतेंच, आणि त्यास राखीव वेळ होता.

या अनुभवानें सरकारचे डोळे उघडले. १९५७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ३ तारखेस पंडित नरेंद्र शर्मा यांच्या मार्गदर्शनाखालीं ‘विविध भारती’ ही सेवा सुरू झाली. ‘भूले बिसरे गीत’, ‘छायागीत’, सैनिकांसाठीं ‘जयमाला’ हे तिचे कार्यक्रम घरोघर परिचित झाले. १९६७ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून तिच्यावर जाहिराती घेण्याचा जो प्रयोग झाला, तो मुंबई, पुणें व नागपूर या केंद्रांवर झाला. मराठी गाण्यांच्या बाबतींत तर नभोवाणी ही केवळ वाटणारी नव्हे, निर्माण करणारीहि होती. पुणें केंद्रानें १९५५ सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून दर आठवड्यास एक याप्रमाणें ‘गीतरामायण’ ऐकविलें. श्री. ग. दि. माडगूळकर यांचीं पदें व श्री. सुधीर फडके यांचें संगीत अशा या ५६ गीतांसाठीं लोक रेडिओपुढें भाविकपणें बसत.

या साऱ्या व्यवहारांत लहान गांवांचा वांटा कसा होता, हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आजच्या झारखंड राज्यांत, अभ्रकाच्या खाणींच्या प्रदेशांत झुमरी तिलैया नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील लोकांनीं विविध भारतीकडे व सिलोनकडे फर्माईशीचीं पत्रें इतक्या संख्येनें धाडलीं, कीं त्या गांवाचें नांव सबंध देशास पाठ झालें. तेथें ना मोठें विद्यापीठ होतें, ना राजधानी. होतें तें फक्त पोस्टाचें कार्ड. त्या कार्डाच्या बळावर खाणीच्या मुलुखांतला मनुष्य मुंबईत कोणती तबकडी लावली जावी हें ठरवूं शकत असे. आमचा मुलूखहि खाणींचा व जंगलांचा आहे. म्हणून ही गोष्ट आम्हांस विशेष बोधप्रद वाटते.

आतां गाणें आपल्यापर्यंत येतें कसें, हें विद्यार्थिमित्रांनीं समजून घेतलें पाहिजे. कारण जुन्या गाण्यांच्या भवितव्याचा अर्धा भाग या यांत्रिक गोष्टींत दडलेला आहे. प्रकाशाप्रमाणेंच नभोवाणीच्या लहरी सेकंदास तीन लक्ष किलोमीटर या वेगानें जातात. मात्र त्यांची लांबी निरनिराळी असते. मध्यम लहरींची लांबी शें-दोनशें मीटर किंवा त्याहून अधिक असते. दिवसां त्या जमिनीला बिलगून दूरवर जातात, आणि रात्रीं आकाशांतील विद्युद्भारित थरावर आपटून परत येत असल्यामुळें त्याहून कितीतरी दूर ऐकूं येतात. लघुलहरी तर याच थराच्या साह्यानें समुद्र ओलांडून जातात. सिलोनचें गाणें आमच्या मुलुखांत येई तें यामुळेंच. या लहरींचा दोष एवढाच, कीं आकाशांत वीज चमकली कीं त्यांत खरखर मिसळते. पावसाळ्यांत रेडिओ ऐकणाऱ्या वडील मंडळींस ती चांगली परिचित आहे.

एफ. एम. पद्धतीच्या लहरी सुमारें तीन मीटर लांबीच्या असतात. त्यांतून येणारें गाणें स्वच्छ असतें. परंतु त्या बहुतेक सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वीची गोलाई व डोंगर यांपुढें त्यांचें फारसें चालत नाहीं. उंच मनोऱ्यावरून सोडल्या तरी पन्नास-साठ किलोमीटरांच्या पलीकडे त्या क्षीण होतात. नागपूरहून चंद्रपूर सुमारें दीडशें किलोमीटर आहे. अर्थात् नागपूरच्या मध्यम लहरींवरील गाणें आम्हांस ऐकूं येई, पण नागपूरच्या एफ. एम. केंद्रावरील गाणें सहसा येत नाहीं. नभोवाणी जसजशी मध्यम लहरींवरून एफ. एम.कडे गेली, तसतशी ती अधिक गोड झाली खरी, पण अधिक शहरीहि झाली. याचें एक उदाहरण नागपुरांतच आहे. देशाच्या मध्यभागीं असल्यामुळें तेथें एक हजार किलोवॅट शक्तीचा प्रचंड प्रक्षेपक बसवून १९८८ सालच्या मे महिन्यांत आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू करण्यांत आली होती. रात्रभर चालणाऱ्या या वाहिनीचा आवाज देशाच्या बहुतेक भागांत पोंचे. रखवालदार, गाडीवान, आजाऱ्याच्या उशाशीं बसलेलें माणूस, अशांची ती सोबतीण होती. २०१८-१९ च्या हिवाळ्यांत ती वाहिनी बंद झाली.

उलट पक्षीं कांहीं भरहि पडली आहे. चंद्रपुरास आकाशवाणीचें एफ. एम. पद्धतीचें स्थानिक केंद्र आहे. २०२३ सालच्या एप्रिलच्या २८ तारखेस देशांत १०० वॅट शक्तीच्या ९१ एफ. एम. प्रक्षेपकांचें उद्घाटन झालें, त्यांत गडचिरोली जिल्ह्यांतील अहेरी व सिरोंचा या गांवांचा समावेश होता. सरकारनें सांगितलें, कीं या ९१ प्रक्षेपकांमुळें सुमारें ३५,००० चौरस किलोमीटर प्रदेशाची भर पडेल. आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें लहानसा भागाकार करून पाहावा. प्रत्येक प्रक्षेपकाच्या वांट्यास सरासरी ३८५ चौरस किलोमीटर येतात. म्हणजे दोहोंचे मिळून ७७०. गडचिरोली जिल्ह्याचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. तेव्हां या दोन प्रक्षेपकांनीं जिल्ह्याचा सुमारें एकोणिसावा हिस्साच व्यापला. अहेरीच्या बाजारपेठेंत गाणें लागेल, पण भामरागडच्या डोंगरापलीकडे तें जाईलच असें नाहीं.

आतां शहरांतील खासगी केंद्रांकडे वळूं. आपल्या देशांतील पहिलें खासगी एफ. एम. केंद्र २००१ सालच्या जुलै महिन्यांत बंगळूर येथें निघालें. त्यानंतर मोठ्या शहरांत अशीं अनेक केंद्रें झालीं. या केंद्रांस श्रोत्याकडून एक पैहि मिळत नाहीं. त्यांचा सारा चरितार्थ जाहिरातींवर चालतो. दुकानदार जाहिरात देतो ती गाण्याच्या प्रेमानें नव्हे, तर तें गाणें ऐकणारा मनुष्य आपला माल घेईल या आशेनें. त्याची समजूत अशी, कीं तरुण मनुष्य नवी वस्तु घेतो, घर मांडतो, आपली आवड बदलतो. वृद्ध मनुष्य जें वापरतो तेंच वापरीत राहतो. ही समजूत खरी असो वा खोटी, तिच्यामुळें वृद्ध श्रोत्याच्या कानास बाजारांत किंमत कमी येते. मग केंद्रचालक काय करतो? तो गाण्यांचे लहान तुकडे श्रोत्यांस ऐकवून त्यांचा कौल घेतो, ज्यांस अधिक मतें पडतात तेवढींच गाणीं ठेवतो, आणि तींच तीं पुन्हां पुन्हां लावतो. अशा रीतीनें हजारों जुन्या गाण्यांचा सागर आटत आटत कांहीं शंभर गाण्यांचें तळें होतें.

याचा अर्थ असा नव्हे, कीं खासगी केंद्रांनीं जुन्या गाण्यांस मुळींच थारा दिला नाहीं. २०१६ सालीं दिल्ली व मुंबई येथें ‘रेडिओ नशा’ हें केंद्र मुद्दाम जुन्या चित्रपटगीतांसाठीं निघालें. परंतु अशा केंद्रांवरील ‘जुनें’ म्हणजे बहुधा १९७० ते १९९० च्या दशकांतील गाणें असतें. याचें गणित उघड आहे. १९५५ सालीं जो मनुष्य पंधरा वर्षांचा होता तो २०२५ सालीं पंचाऐशीं वर्षांचा झाला. १९९० सालीं जो पंधरा वर्षांचा होता तो पन्नास वर्षांचा आहे, कमावता आहे व खर्च करणाराहि आहे. केंद्र कोणाकडे पाहील हें सांगावयास ज्योतिषी नको.

परदेशांतहि हाच अनुभव आला आहे. न्यूयॉर्क शहरांतील डब्ल्यू. सी. बी. एस. या केंद्रानें १९७२ सालच्या जुलै महिन्यापासून केवळ जुनीं गाणीं ऐकविण्याचा परिपाठ ठेवला होता. तेहतीस वर्षांनीं, २००५ सालच्या जूनच्या ३ तारखेस, श्रोत्यांस पूर्वसूचना न देतां मालकांनीं तो मोडला व तरुणांस रुचेल असा निराळा कार्यक्रम सुरू केला. श्रोते रुष्ट झाले, पण मालकांस अपेक्षित लाभहि झाला नाहीं. आणि २००७ सालच्या जुलैच्या १२ तारखेस जुनीं गाणीं परत आणावीं लागलीं. मात्र परत आलेलीं जुनीं गाणीं तींच नव्हतीं! १९५० च्या दशकांतील गाण्यांस आतां फारसें स्थान उरलें नव्हतें. जुन्यास जय मिळाला, पण अति जुन्यास घराबाहेर ठेवून. इंग्लंडांत याच्या उलट एक प्रयोग २०२१ सालच्या फेब्रुवारीच्या १४ तारखेस झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या पिढीसाठीं ‘बूम रेडिओ’ नांवाचें केंद्र काढण्यांत आलें, आणि त्यावरील वयस्क निवेदक आपआपल्या घरीं बसून कार्यक्रम करूं लागले. मोठ्या इमारतीचा खर्च वांचला, म्हणून थोड्या जाहिरातींवरहि तें चाललें. यंत्रें स्वस्त झालीं म्हणजे वृद्धांचीहि नभोवाणी चालूं शकते, हा त्यांतील बोध होय.

दुसरी अडचण कायद्याची आहे. आपल्या १९५७ सालच्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षें राहतो. म्हणजे १९६४ सालीं निघालेल्या तबकडीवरील हक्क २०२४ सालच्या अखेरीस संपला. पण गाणें म्हणजे नुसती तबकडी नव्हे. त्यांत कवीचे शब्द व संगीतकाराची चाल आहे, आणि त्यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो. कवि शैलेंद्र १९६६ सालीं वारले, तेव्हां त्यांच्या शब्दांवरील हक्काची मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत आहे. माडगूळकर १९७७ सालीं वारले, त्यांची २०३७ पर्यंत. आणि सुधीर फडके २००२ सालीं वारले, त्यांच्या चालींची २०६२ पर्यंत. हा हक्क अन्यायाचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक कवि व वादक दारिद्र्यांत गेले, आणि २०१२ सालीं कायद्यांत जी दुरुस्ती झाली तिनें त्यांस व त्यांच्या वारसांस मोबदल्यांत वांटा मिळाला, हें योग्यच झालें. तथापि मोबदला किती असावा यावर नभोवाणी व ध्वनिमुद्रण कंपन्या यांमध्यें वर्षानुवर्षें वाद चालले. २०१० सालीं ग्रंथस्वामित्व मंडळानें तो जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा दोन ठरवून दिला. दहा वर्षांनीं ती पद्धतिहि बदलली. जेथें प्रत्येक गाण्यास पैसा पडतो, तेथें केंद्रचालक खात्रीचेंच गाणें लावतो, आणि विसरलेलें गाणें विसरलेलेंच राहतें.

येथें कोणी म्हणेल, कीं आतां नभोवाणीची गरजच काय? २०१७ सालीं सारेगामा कंपनीनें ‘कारवाँ’ नांवाची पेटी काढली. तींत पांच हजार जुनीं गाणीं भरलेलीं असतात. हातांतल्या फोनवर तर मागाल तें गाणें क्षणांत मिळतें. हें सर्व खरें आहे व तें स्वागतार्हहि आहे. परंतु या साधनांत व नभोवाणींत एक मूलभूत भेद आहे. फोनवर तेंच मिळतें, ज्याचें नांव आपणांस ठाऊक असतें. नभोवाणी अनपेक्षित गाणें देते. आपण विसरलों होतों हेंहि ज्याविषयीं आपण विसरलेलों असतों, तें गाणें ती पुढें आणून ठेवते. शिवाय तिच्यांत सहवास आहे. हेंच गाणें या घटकेस आणखी लक्षावधि माणसें ऐकत आहेत, ही जाणीव एकट्या वृद्धास फार धीर देते. तिसरी गोष्ट निवेदकाची. २०२४ सालच्या फेब्रुवारीच्या २० तारखेस अमीन सयानी निवर्तले, तेव्हां लोकांनीं आपल्या घरांतलें माणूस गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली. पांच हजार गाण्यांच्या पेटीसाठीं असें कोणी हळहळणार नाहीं. आणि चौथी गोष्ट पैशाची: ज्या गांवीं फोनचा मनोराच नाहीं किंवा ज्या म्हातारीस अक्षरओळख नाहीं, तिला एक खुंटी पिरगाळून ऐकूं येणारें यंत्र अजूनहि सर्वांत सोपें आहे.

आतां आमच्या प्रदेशाच्या दृष्टीनें जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, तो सांगतों. ज्या गाण्याची तबकडी निघाली, तेंच गाणें पुढें ‘जुनें गाणें’ म्हणून नभोवाणीवर येऊं शकतें. बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्या निघाल्या, म्हणून तीं पदें आज ऐकावयास मिळतात. पण ज्या काळांत त्या तबकड्या निघत होत्या, त्याच काळांत झाडीपट्टींत दंडार होत होती, खडी गंमत होत होती, गोंड व माडिया गांवांत रात्ररात्र रेला गीतें चालत होतीं. त्यांच्या तबकड्या काढण्यास कलकत्त्याहून यंत्र घेऊन सहसा कोणी आलें नाहीं. आणि म्हणून शहरांच्या दृष्टीनें आमच्या आजोबांच्या काळास जणूं गाणेंच नव्हतें! वडशाच्या आसपास आजहि दिवाळीनंतर झाडीपट्टीचीं नाटकें रात्रभर चालतात व हजारों लोक तीं पाहतात. त्या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. परंतु या नाटकांतील तीस-चाळीस वर्षांपूर्वींचीं पदें आज कोणाच्या संग्रहीं आहेत? गोंडी, माडिया, सिरोंच्याकडील तेलुगु, सीमेवरील छत्तीसगडी, या भाषांतील लग्नाचीं, रोवणीचीं, पाळण्याचीं गाणीं ज्या म्हाताऱ्या बायकांस येतात, त्यांच्याबरोबर तीं जात आहेत. शहरांतील जुनें गाणें नभोवाणीवरून गेलें तरी कोठल्या तरी कपाटांत तें राहील. आमचें जुनें गाणें गेलें तर तें कायमचेंच जाईल. या प्रश्नांतील खरी हानि ही आहे.

मग एकंदरींत पुढें काय होईल? आमच्या अल्पमतीस जें दिसतें तें असें. शहरांतील खासगी केंद्रांवरून जुनें गाणें नाहींसें होणार नाहीं, पण त्याचें साल सरकत राहील. दर दहा वर्षांनीं एक दशक मागच्या दारानें बाहेर जाईल व एक पुढच्या दारानें आंत येईल. अति जुनीं गाणीं राखण्याचें ओझें सरकारी नभोवाणीवर पडेल, कारण तिच्याजवळ संग्रह आहे आणि केवळ नफ्यासाठीं ती चालत नाहीं. आज विविध भारती प्रक्षेपकाच्या मर्यादा ओलांडून ‘न्यूज ऑन एअर’ या साधनाच्या द्वारें फोनवरहि ऐकूं येते. तेव्हां लहरींची अडचण कांहीं अंशीं दूर होईल. तिसरी गोष्ट आमच्या दाराशींच आहे. २०२४ सालच्या ऑगस्टच्या २८ तारखेस केंद्रीय मंत्रिमंडळानें २३४ नव्या शहरांत ७३० खासगी वाहिन्यांच्या लिलांवास मान्यता दिली, व त्या यादींत चंद्रपूरचें नांव आहे. अशीं केंद्रें येथें आलीं, तर तीं मुंबईच्या यादींतील तींच शंभर गाणीं वाजवितील, कीं या भूमीचीं गाणींहि वाजवितील, हें बरेंचसें आम्हां श्रोत्यांवर अवलंबून राहील. ज्या गांवाहून मागणी येत नाहीं, त्या गांवास आवड नाहीं असेंच केंद्रचालक समजतो. झुमरी तिलैयाचा धडा तो हाच.

यास्तव पालकांस आमची विनंति आहे, कीं त्यांनीं घरांतील वडील माणसांचा रेडिओ अडगळींत टाकूं नये. तो बिघडला असल्यास दुरुस्त करून द्यावा, आणि सायंकाळीं घटकाभर मुलांस त्यांच्याजवळ बसवावें. विद्यार्थ्यांस तर करण्यासारखें पुष्कळ आहे. येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या आजी-आजोबांस, अथवा शेजारच्या एखाद्या वृद्धास, त्यांच्या तरुणपणचीं पांच गाणीं विचारावीं. तीं कोठें ऐकलीं, कोणाबरोबर ऐकलीं, हें वहींत लिहून ठेवावें. त्यांतील जीं तबकडीवर आहेत त्यांच्यासाठीं आकाशवाणीस पत्र लिहावें; पत्र शुद्ध, सुवाच्य व थोडक्यांत असावें. जीं तबकडीवर नाहींत, तीं ज्या भाषेंत असतील त्याच भाषेंत, गाणाऱ्याची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रित करावीं, आणि त्याखालीं गांवाचें नांव व तारीख लिहावी. पूर्वीं ज्या कामास कलकत्त्याचा कारखाना लागे, तें आतां सातवीच्या मुलाच्या हातून होऊं शकतें. शेंदीडशें विद्यार्थ्यांच्या शाळेनें एका सुटींत एवढें केलें, तरी पांच-सातशें गाण्यांची नोंद होईल. आणि उद्यां एखादें केंद्र आमच्या प्रदेशाचीं जुनीं गाणीं मागूं लागलें, तर आम्हांस रिकाम्या हातांनीं उभें राहावें लागणार नाहीं.

नवें गाणें ऐकूं नये असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आजचें नवें तेंच उद्यांचें जुनें होय. परंतु जी पिढी आपल्या वडिलांचें गाणें जपते, तिचें गाणें जपण्याची बुद्धि तिच्या मुलांस होते. शहरांतील केंद्रांनीं काय करावें हें ठरविणें आमच्या हातीं फारसें नाहीं; आपल्या घरांतील गाणें विझूं न देणें हें मात्र सर्वस्वीं आमच्याच हातीं आहे. वाचकांनीं तें आजपासूनच मनावर घ्यावें, इतकी इच्छा प्रकट करून आम्ही त्यांची रजा घेतों.